पुठ्ठेसर आणि उत्तरेकडचं दार

चौकोनासारख्या निर्जीव गोष्टीवर माणूस इतका जीव लावू शकतो, हे मला पुठ्ठेसरांमुळे कळलं. कौतुकानं म्हणत नाही. आम्ही एका क्लासमध्ये शिकवत होतो तेव्हा मला त्याचा वैतागच जास्त यायचा. उजाडायच्या आधी पहिली बॅच, शाळा सुटल्यावर दुसरी, मग दिवेलागणीची. घसा बसलेला, पाय भरून आलेले, आणि शिक्षकांच्या खोलीत जरा टेकावं म्हटलं तर खुर्चीवर पुठ्ठ्यांची चळत. ती उचलून खाली ठेवली की मागून आवाज यायचाच, "मॅडम, पतंग दबला का बगा खाली. पतंगाशिवाय आज भागायचं न्हाई."

नाव पोरांनी ठेवलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. बुटाच्या खोक्यांचे, साबणाच्या खोक्यांचे, लग्नपत्रिकांचे, मिळेल त्याचे पुठ्ठे ते गोळा करत. बाजारातून निघाले की दुकानदार आपणहून हाक मारून रिकामी खोकी द्यायचे. पिशवीत भाजी कमी आणि पुठ्ठा जास्त, असा त्यांचा बाजार.

मी मूळची नांदेडची. नवऱ्याची बदली लातूरला झाली, तशी मीही तिकडच्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवायला लागले. भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. घराघरांत भिंतींना तडे होते आणि गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकात. अहमदपूर, निलंगा, कुठून कुठून आईबाप पोरांना ट्रंकेसकट आणून सोडायचे आणि जाताना आमच्याकडे असे बघायचे, की पोर नापास झालं तर आम्हीच गुन्हेगार. त्या नजरांनी मला शिकवण्यापेक्षा जास्त थकवलं.

या सगळ्या धावपळीत हा एक माणूस सावकाश चालायचा. बुटका, बारीक, शर्टाची वरची गुंडी लावलेली, खिशात पेनाऐवजी दाढीचं पातं, तेही कागदात गुंडाळलेलं. फळ्यावर आकृती काढायची तर सगळे काढतात, पण ते दारापाशीच उभे राहून पुठ्ठ्यातून चौकोन कापून काढत. मग एका हातात भोक पडलेला पुठ्ठा आणि दुसऱ्या हातात त्यातून निघालेला तुकडा धरून वर्गाला विचारत, "हा आपल्या भोकात किती तऱ्हेनं परत बसंल?"

चौरस कसाही बसतो. फिरवा, उलटा करा, बसतोच. आयत जरा अडतो, पण उलटा करूनही बसतो आणि अर्धा फिरवूनही. समभुज चौकोनाचंही तसंच, फक्त आयत कर्णावर दुमडत नाही आणि समभुज दुमडतो तो कर्णावरच. पतंगाच्या आकाराचा चौकोन एकाच रेषेवर दुमडतो. इथवर पोरं आनंदात असायची. मग समांतरभुज चौकोन यायचा. तो कर्णावर घडी घातली की बरोब्बर जुळणार, अशी सगळ्यांची खात्री. शिक्षकांचीही. माझीही होती. ते शांतपणे म्हणायचे, "घाला घडी." घडी घातली की एक टोक बाहेर. त्याला ते कान म्हणत. "आला का कान भाईर? आता उलटा करून बसवा." उलटा करूनही बसायचा नाही. मग ते तो तुकडा भोकावर ठेवून हलकेच अर्धा फिरवायचे आणि तो टक्कन आत बसायचा. "उलटं करणं निराळं, फिरवणं निराळं. जे उलटं करून बसत न्हाई ते फिरवून बघावं." हे वाक्य त्यांनी मला चहा पितानाही ऐकवलेलं आहे.

आमचे संचालक पंख्याखाली बसून हिशेबी बोलायचे. त्यांचं म्हणणं, सममितीला पेपरात येतो एखादा प्रश्न, सर त्यात आठवडा घालवतात. म्हणणं खोटं नव्हतं. पण सरांपुढे कुणाचं चालेना, कारण त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर भूमितीत चुकायचं नाही. सरांनी संचालकांना चौरस ठरवलं होतं. कसाही ठेवा, बसतो. माझ्या नवऱ्याला आयत. असली वर्गवारी ते सगळ्यांची करायचे, तीही अगदी गंभीरपणे. एकदा मी आपणहून विचारलं, आणि मी? ते म्हणाले, "तुमी समभुज, मॅडम. बाजू समद्या सारख्या, पर कुणीतरी वरून दाबलंय." शिक्षकांची खोली हसली, मीही हसले. घरी पोळ्या लाटताना मात्र ते वाक्य आठवलं आणि डोळे भरून आले. त्या दिवसांत मला कुणी साधं 'दमलीस का' असंही विचारत नसे.

दिवाळीला फराळाला बोलावलं तर त्यांनी बशीतली शंकरपाळी उचलून उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली, शेजारची उचलून तिच्यावर ठेवली. माझ्या सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांना वाटलं, जळकी निघाली. सर म्हणाले, "आई, आडव्या आन् तिरक्या रेघांतलं अंतर सारखं ठिवलं असतं तर ही समभुज झाली असती. आता नुसती समांतरभुज झालीया." सासूबाईंनी मला आत बोलावून विचारलं, हा माणूस घरी जेवतो की नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी कातण्यानं शंकरपाळ्या कापताना बोटानं अंतर मोजलेलं मी बघितलं.

त्यांची आणखी एक खोड होती, आणि पुढं जे झालं ते तिच्यामुळेच. भूमितीत सिद्धता लिहिताना आधी पक्ष लिहायचा, म्हणजे जे दिलेलं आहे ते; मग साध्य, म्हणजे जे दाखवायचं ते; आणि मग सिद्धता. पक्षाशी वाद घालायचा नाही, दिलं ते दिलं, हा त्यांचा धर्म. हा धर्म ते वर्गाबाहेरही पाळायचे. चहावाल्यानं दूध ताजं म्हटलं की ताजं. पोरानं आजी वारली म्हटलं की सुट्टी, आणि तीच आजी सहामाहीला पुन्हा वारली तरी सुट्टी. मी एकदा म्हटलं, सर, पोरं तुम्हाला बनवतात. ते म्हणाले, "त्यानं दिलं, आपन घेतलं. खोटं असलं तर सिद्धता त्याची बिघडंल."

शनिवारी दुपारी ते एसटीनं गावी जायचे. किल्लारीच्या अलीकडचं गाव. भूकंपात त्यांचे आई आणि थोरले भाऊ गेले. सर पेपर तपासायचे म्हणून त्या दिवशी लातूरला राहिले होते, म्हणून वाचले. घरातल्या एकट्या वहिनी उरल्या. मूलबाळ नव्हतं. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. तेव्हा दोघांचं एकमेकांशिवाय कुणी नाही, अशी गत.

वहिनी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. नव्या गावठाणात त्यांना पक्कं घर मिळालं होतं, पण त्या त्यात पाऊल टाकत नव्हत्या. उन्हाळ्यात पत्रा तापून अंगावर फोड यायचे, पावसात चूल विझायची, आणि आता तर शेड मोडून टाका असा निरोप आला होता. सरांनी वहिनींना लातूरला चला म्हटलं. त्या नाही म्हणाल्या, माझी माणसं या मातीत आहेत. मग घरात का जात नाही, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, दार दक्षिणेला आहे. यमाच्या तोंडाच्या घरात मी राहणार नाही.

झालं. पक्ष मिळाला. सरांचा स्वतःचा दिशेबिशेवर काडीचा विश्वास नव्हता, पण दिलं ते दिलं. साध्य ठरलं, वहिनींना उत्तरेकडच्या दाराचं घर. तेव्हापासून तो माणूस दुसरं काही बोलेना. नव्या गावठाणाचा नकाशा त्यांनी पुठ्ठ्यात कापला आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारी मांडला. मधे रस्ता, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी, सगळ्यांची दारं रस्त्याकडे. त्यामुळं एका ओळीची दारं उत्तरेला आणि दुसरीची दक्षिणेला. घर जागच्या जागी अर्धं फिरवलं तर दार मागच्या ओळीच्या पाठीला जाऊन टेकतं, हे त्यांनी मला पुठ्ठा फिरवून दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की नकाशा काढणाऱ्यानं समोरची ओळ काढताना कागद उलटा केलाय, फिरवला नाही. म्हणून एका ओळीत शिरल्यावर चूल उजव्या हाताला आणि समोर डाव्या हाताला. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. माझी भाजी गार झाली. मी इतकंच म्हटलं, सर, मग समोरच्याशी घर बदलून घ्या.

ते त्यांच्या डोक्यात आधीच होतं. समोर जुन्या गावातलेच एक चाचा होते, शिवणकाम करणारे. त्यांनीही भूकंपात घरची माणसं गमावली होती. सर त्यांच्याकडे गेले तर ते मशीन थांबवून म्हणाले, "मास्तर, हमना उत्तर क्या, दखन क्या. सर पे छत रहना बस." दोन शेजारी राजी झाले, पण सरकारी घराची अदलाबदल कचेरीनं मान्य करायची होती. तिथं सरांच्या चपला झिजल्या. आज साहेब नाहीत, उद्या साहेब आहेत पण शिपाई नाही. नेमके परीक्षेचे दिवस. संचालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, की असंच चाललं तर बॅच दुसऱ्याला द्यावी लागेल. सर म्हणाले, परीक्षा दरवर्षी येते. बॅच खरंच दुसऱ्याला गेली. नवे सर नांदेडहून आले. त्यांनी सगळे चौकोन एका तक्त्यात बसवले, पोरांकडून पाठ करून घेतले आणि वेळेत संपवले. पुठ्ठ्यांची चळत खुर्चीवरून गेली. मला टेकायला जागा झाली, आणि चैन मात्र पडेना.

अदलाबदल मंजूर झाली तेव्हा सर स्वतः आमच्या घरी बोलावणं करायला आले. वास्तुशांत होती. मी आणि माझा नवरा एसटीनं आणि पुढं जीपनं गेलो. नवं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. एकासारखं एक घर, एकासारखी एक गल्ली, आणि सावलीला झाड नाही. चाचांनी रस्त्यापलीकडून हात केला. त्यांचं मशीन आता दक्षिणेकडच्या दारात मांडलेलं होतं आणि ऊन छान येतं म्हणाले. सरांनी घर झाडून, सारवून, पाट्यावरवंट्यापासून सगळं लावून ठेवलं होतं. आत भटजी चौरंग मांडत होते.

वहिनी आल्या. उंच, काटक बाई, पदर घट्ट. हातात पाण्यानं भरलेली कळशी. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. भटजी आतून या या म्हणत होते. वहिनींनी कळशी बाहेरच जमिनीवर ठेवली.

"भावजी, माझ्यानं न्हाई व्हायचं."

सरांना वाटलं, दिशेची शंका असेल. पिशवीतून त्यांनी पुठ्ठ्याचं घर काढलं. भर उन्हात त्या बाईपुढे ते धरून ते समजावू लागले, "वहिनी, ह्ये बगा, दार आता उत्तरंला हाय. चूल तेवढी डाव्या हाताला गेलीया, त्याची सवय हुईल."

"दाराचं न्हाई वो. भिताडं हायत की चारी बाजूंनी."

सरांनी विचारलं, "मग दाराचं का सांगितलं?"

वहिनी आमच्याकडे न बघता बोलल्या. आवाज चढला नाही, कापला नाही. "दुसरं काय सांगाया येत हुतं? दुपारपतुर भिताडाखाली हुते मी. सासूबाई बाजूला हाका मारीत हुत्या. मग थांबल्या. आसलं कुणाला सांगायचं? दक्षिण म्हणलं की समद्यांना लगीच पटतंय."

चाचा रस्त्याच्या मधोमध उभे होते, ते जागीच खाली बसले. मला वाटलं, आता तरी सरांनी हातातला तो पुठ्ठा खाली ठेवावा. वहिनींनीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आन् तुमी तरी? तुमची लातूरची घरमालकीण हिकडच्या बाजारला आली हुती तवा सांगून गेली मला. खोलीत नुसती ट्रंक ठिवलीया. निजता गच्चीवर. थंडीत बी, पावसात बी छपराखाली न्हाई."

हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला आणि या माणसाला छपराची धास्ती आहे हे मला कळलं नाही. ते वर्गात कायम दारापाशी उभे राहून का शिकवत, फळ्याजवळ का जात नसत, ते मला त्या अंगणात उमगलं. मी त्याला आजवर विक्षिप्तपणा समजत आले होते. त्यांच्या वहिनीला मात्र ते कानावर आल्या आल्या कळलं होतं आणि तिनं ते मनात ठेवलं होतं, जसं तिनं स्वतःचं ठेवलं.

"पक्षच चुकीचा लिवला मी," सर म्हणाले. मग आत वळून भटजींना सांगितलं, "म्हाराज, चौरंग अंगणात आना. पूजा हितंच करू."

भटजी कुरकुरले, वास्तूची पूजा वास्तूत करतात म्हणाले. चाचांनी घरातून सतरंजी आणून उन्हातच अंथरली आणि प्रश्न मिटला. जेवणं अंगणात झाली. पुरणपोळी चांगली झाली होती. वहिनी आग्रह करकरून वाढत होत्या आणि सर खाली मान घालून जेवत होते. परतताना जीपमध्ये माझा नवरा म्हणाला, इतका खटाटोप करून उपयोग काय झाला. माझ्यात त्याच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

सर क्लासला परत आले ते राजीनामा द्यायलाच. शेडचे पत्रे त्यांनी त्या घराच्या अंगणात चार खांबांवर घातले, चारी बाजूंनी मोकळे, पडलाच तर नुसता पत्रा पडेल असे, आणि दोघं दीर-भावजय दोन बाजूंना बाजा टाकून राहू लागली. पक्क्या घरात कडबा, तुरीची पोती, जुनी ट्रंक. लोक हसायचे, की सरकारनं माणसांना घर दिलं आणि यांनी ते कडब्याला दिलं. गावातली पोरं अंगणात शिकायला येत. हे सगळं मला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळायचं. माझं आपलं चालूच होतं. क्लासनं नांदेडला शाखा काढली तेव्हा मी माहेरच्या गावी परतले, आणि तिथंही उजाडायच्या आधी पहिली बॅच. कधीतरी समांतरभुज चौकोनाचा एखादा प्रश्न चुकवून कुणी पोर रडत आलं, तर मी घडी घालून दाखवायची. माझा विषय नव्हता तो.

पुढं बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात सरांचा जुना विद्यार्थी भेटला. तो आता निलंग्याला दवाखाना चालवत होता. म्हणाला, सरांची छाती भरलीय, ताप उतरत नाही, उघड्यावर झोपून झोपून झालंय. लातूरला भरती व्हा म्हटलं तर तयार नाहीत. मी रजा टाकली. संचालकांनी कारण विचारलं तर आजारी आहे म्हटलं, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

पोचले तेव्हा सकाळचं ऊन वर आलं होतं. अंगणातल्या दोन्ही बाजा रिकाम्या होत्या. अंथरूण नाही, काही नाही. रस्त्यापलीकडे चाचांचं मशीन बंद होतं. मी घरापाशी गेले तर दार उघडं. आतली पोती एका बाजूला रचलेली, कडबा काढलेला, आणि मागच्या भिंतीशी खाट. खाटेवर सर, घोंगडीत गळ्यापर्यंत गुंडाळलेले, झोपलेले. श्वास घरघरत होता, पण चालू होता. चाचा डाव्या हाताच्या चुलीवर पाणी तापवत होते. आणि खाटेच्या पायथ्याशी वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. पाठ भिंतीला टेकलेली, एक हात सरांच्या पावलावर.

मी उंबऱ्यातच थांबले. त्यांनी मला ओळखलं.

"डाक्टर म्हणला भाईर ठिवू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, सर जागे होऊ नयेत म्हणून. "एकटे काय आत निजनात. सारखे उटून भाईर पळायचे. मग म्या आले, हितं बसले, म्हणलं निजा आता, पडलं तर दोगांवर पडंल. तवा डोळा लागला."

मी चपला काढल्या आणि तशीच उभी राहिले. वहिनींनी पाठ भिंतीवरून न हलवता बाजूची गोणी हातानं झटकली.

"या की आत. भाईर लई गार हाय."